शिशाची घडी

पेरणीचा सण संपून नववा दिवस, सिराकूस

मागाला लोंबवायची मातीची सहा वजनं घेऊन गेलीस. सहाच! न्यायचीच होती तर चोवीसही न्यायची होतीस, मी सुटले असते. आता माझं कापड एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला माझ्या गालासारखं लोंबतंय. सासरी माग नाही का? लोक्रीचे लोक काय झाडपाला नेसतात?

फिलिन्ना, तुला आज्जीचा आशीर्वाद. अक्षरं जशी पडतील तशी वाच. तुझ्या आजोबांच्या जाळ्याची शिसं ठोकून पत्रा केलाय आणि खिळ्याने ओरखडतेय. लिहायला मला त्यांनीच शिकवलं, तेही खारवलेल्या माशांच्या बुधल्यांवर नावं घालण्यापुरतं. म्हणून 'बांगडा' हा शब्द मला सुरेख येतो. बाकीचे ओढूनताणून.

तू गेलीस त्याला चौदा दिवस झाले. तुझ्या आईने, क्लेइताने, सणाहून घरी आल्यापासून चूल पेटवलेली नाही. आम्ही भिजवलेले हरभरे आणि जैतुनं खातोय. तुझा बाप दामिस तक्रार करत नाही, कारण तक्रारीला तोंड लागतं आणि ते त्याने शिल्लक ठेवलेलं नाही. बायको दहा दिवस बायकांच्या सणाला गेलेली. धान्याची आई दिमितर, तिची पोर पाताळात पळवून नेली म्हणून रडली, त्या रडण्याची आठवण ठेवायला उपाशी, जमिनीवर बसलेली. आणि नेमक्या त्याच दिवसांत या शहाण्याने घरची पोर लोक्रीच्या कुंभाराच्या हाती दिली. बरं, दिली तर दिली. निदान सण संपेपर्यंत थांबावं? पण नाही, म्हणे वारा चांगला होता.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी क्लेइताच्या शेजारीच बसले होते.

तू रागावली असशील. लेकीच्या वरातीपुढे आईने मशाल धरायची असते, आणि तुझी आई आलीच नाही. तर ऐक, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. घरी आली, तुझी खाट बघितली आणि उंबऱ्यातच बसली. रोज मला एकच प्रश्न विचारते.

"आई, ती रडत गेली का हसत गेली?"

"मी काय तिथे होते?" मी म्हणते.

तू होतीस. तेव्हा तूच कळव. घडी करून पाठवतेय, मिक्कोस नावाडी आणून देईल. त्याला जेवायला घाल, पण वाईन देऊ नकोस. पिऊन गातो आणि फार वाईट गातो.

समुद्र बंद व्हायला आला, शेवटचं गलबत

उत्तर नाही. हात मोडला का? नवऱ्याने कोंडून ठेवलंय का? की लोक्रीला गेल्यावर माणसं सिराकूसची भाषा विसरतात?

मिक्कोस म्हणतो, पत्र तुझ्या सासूच्या हाती दिलं, निकासो तिचं नाव, अंगाने भरलेली, डोळे बारीक. म्हणजे पोचलंय. मग तुझाच राग म्हणायचा. राग असावा, माझी ना नाही. पण राग सुद्धा लिहून पाठवता येतो.

तुझी आई आता जेवते. पण गप्प बसून जेवते, आणि ती गप्प असली की मला भीती वाटते. परवा म्हणाली, "मी देवीकडे दाद मागणार. थोरल्या दिमितरकडे नाही, तिच्या पाताळातल्या पोरीकडे."

मी म्हटलं, "कशाची दाद?"

"तिलाही असंच नेलं होतं. आईला न विचारता, बापाच्या संमतीने. तिला कळेल."

"क्लेइता, तुला अक्कल कमी आहे. नेलं तेव्हा ती पोर होती. आता ती तिथली मालकीण आहे, नवऱ्याच्या शेजारी बसते. तिच्यापुढे जाऊन तू म्हणणार, बाई, पोर पळवणाऱ्याला शिक्षा कर? ती नवऱ्याकडे बघेल की तुझ्याकडे?"

"तिने मनाने नाही केलं. पाताळातले डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून तिथेच अडकली."

"सात दाणे खाल्ले म्हणतात ना? कोणीतरी मोजले म्हणूनच सात म्हणतात. मोजून खाणारी बाई फसलेली नसते."

त्यावर तुझ्या आईने चाळण माझ्या अंगावर फेकली. चाळण जुनीच होती.

शेवटी तिच्या मनासारखं केलं. शिशाचा आणखी एक तुकडा त्यात गेला. कशात, ते विचारू नकोस. आता चार महिने गलबत नाही. थंडीत तुझे कान दुखतात, तेल कोमट करून घाल. निकासोला येत नसेल तर तिला सांग, सिराकूसच्या लहान पोरींना सुद्धा येतं.

पहिलं गलबत आलं त्या दिवशी

हे पत्र घडी न करता पाठवतेय. मिक्कोसला म्हटलंय, ताटासारखं आडवं धरून ने, वाटेत दहा जणांनी वाचलं तरी चालेल.

त्याने सगळं सांगितलं. माझी दोन्ही पत्रं तुझ्या सासूने उघडलीच नाहीत. घडी केलेलं शिसं, वर सुनेचं नाव, परक्या गावाहून आलेलं. ती म्हणाली, हा शाप आहे, शाप असेच शिशावर लिहून घडी घालतात. चिमट्याने उचलून पडक्या विहिरीत टाकलं, आणि डुकराच्या रक्ताने उंबरा धुतला. दोनदा! तुला कळलं ते थेट या महिन्यात, मिक्कोसने सहज विचारलं तेव्हा. आणि इतके दिवस तू समजत होतीस की माहेरी तुझं नाव टाकलं.

रडू नकोस. सासूवर चिडूही नकोस. बाई मूर्ख नाही. तिने शिसं बरोबर ओळखलं, फक्त चुकीचं शिसं ओळखलं. तेही सांगते.

आधी दुसरं सांगू दे. ती पत्रं विहिरीत गेली ते बरं झालं. पहिल्यात मी खोटं लिहिलं होतं.

मला माहीत होतं, फिलिन्ना. सणाच्या आधी दामिस माझ्याकडे आला. म्हणाला, "सासूबाई, क्लेइताला विचारलं तर पोर जन्मभर घरात राहील." आणि त्यात खोटं काही नव्हतं. तीन स्थळं तिने परत पाठवली. एकाचे कान मोठे, एकाची आई मोठी, तिसऱ्याचं गलबत लहान. तूच मला विहिरीवर म्हणाली होतीस, "आज्जी, मी याच घरात म्हातारी होणार का?" म्हणून तुझा सिमाखोस इथे माती न्यायला आला तेव्हा मी मातीच्या खाणीवर जाऊन त्याला बघून आले. चिखलाने भरलेला माणूस, पण हात धुतल्याशिवाय भाकरीला लावत नव्हता. मला तेवढं पुरे झालं. मी दामिसला हो म्हटलं.

पुढचं लिहायला हात चालत नाही, तरी लिहिते. सणाच्या पाचव्या दिवशी क्लेइता म्हणाली, "आई, मला कसंतरी होतंय, घरी एक चक्कर मारून येते." मी तिला बसवलं. तुला माहीत आहे, त्या सणात वाह्यात बोलणं हेच व्रत. दु:खात बुडालेली थोरली असल्याच बोलण्याने हसली होती म्हणे. आणि वाह्यातपणात या गावात माझ्या तोडीची बाई नाही. मी म्हातारा आणि त्याच्या कोंबड्याची गोष्ट सुरू केली. बायका लोळल्या. क्लेइताही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि घरी जायचं विसरली. ती हसत होती तेव्हा तू गलबतावर चढत होतीस.

तर मशाल न धरण्याचा राग धरायचा असेल तर माझ्यावर धर.

आता ते शिसं. मागच्या पेरणीला तुझ्या आईने खरंच शाप लिहवून घेतला, आणि या घरात लिहिता येतं ते मलाच. शापात देवीला नुसतं 'पोर' लिहून चालत नाही, तिचं खरं नाव लागतं, जे आपण तोंडाने घेत नाही. मी लिहिलं, पर्सेफोनी. मग तिने सांगितलं तसं. लोक्रीच्या सिमाखोसला बांध, निकासोच्या मुलाला. त्याची जीभ बांध, हात बांध. आणि शेवटी म्हणाली, "लिही, त्याच्या घरात जे येईल ते बांध."

मी म्हटलं, "ते कशाला?"

"बरकत येऊ नये म्हणून. लिही."

शिशावर जागा उरली होती. लिहिलं. घडी केली, खिळा ठोकला, आणि तेलवाल्याची बिनलग्नाची लेक तापाने गेली होती ना, तिच्या थडग्यात पुरलं. अवेळी गेलेली माणसं निरोप लवकर पोचवतात.

आणि आज मिक्कोस येऊन सांगतो, तू पाच महिन्यांची पोटुशी आहेस.

त्याच्या घरात जे येईल ते.

क्लेइताला ते माझ्या आधी उमगलं. मिक्कोस बोलत होता आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. त्याने सिमाखोसने पाठवलेली मातीची पाटी दिली, रथातून देवीच्या पोरीला पळवून नेतानाचं चित्र असलेली, तीही तिने घेतली नाही. फक्त म्हणाली, "आई, कुदळ कुठे आहे?"

तू काळजी करू नकोस. हे असलं वाक्य लिहून काही होत नाही हे मला कळतं. तरी करू नकोस. कमरेला गाठ मारू नकोस, केस मोकळे सोड, घरातल्या दोऱ्यांच्या गाठी सोडवून ठेव. निकासोला सगळं सांग. शाप ओळखणारी बाई आहे, तिच्याजवळ राहा.

जव पिवळा पडायला लागला

शिसं निघालं. हे आधी लिहिते, म्हणजे तुला श्वास घेता येईल.

भर दुपारी गेलो, गाव झोपलेलं असताना. माझ्या गुडघ्यांनी वाटेत तीनदा संप केला. क्लेइताने कुदळ वापरलीच नाही, हातांनी माती उपसली, नखं फुटली. मी तेलवाल्याच्या लेकीशी बोलत राहिले, "बाळ, चुकून दिलं होतं, परत दे, तुझ्यासाठी तीळ-मधाची पोळी आणलीय." कोणीतरी बोलत राहायला हवं होतं.

हात दीड हात खाली सापडलं. क्लेइताने दातांनी खिळा काढला. घडी उलगडली आणि माझ्या पुढे धरली.

"वाच."

"तुला माहीत आहे काय आहे ते."

"वाच, आई. कुठे काय आहे ते बोट ठेवून वाच."

मी वाचलं. बोट ठेवून. मग म्हटलं, "पर्सेफोनीत एक अक्षर गाळलंय मी."

"म्हणजे?"

"म्हणजे पत्ता चुकला. पोचलंच नसेल."

तिने माझ्याकडे बघितलं. "मुद्दाम गाळलंस?"

इथे नुसतं हो म्हटलं असतं तरी मी साध्वी झाले असते. "नाही," मी म्हटलं, "मला येतच नव्हतं."

आणि तोंड उघडलंच होतं, म्हणून बाकीचंही सांगून टाकलं. दामिस, मातीची खाण, सण. थडग्याच्या काठावर बसून. यापेक्षा वाईट जागा मला सापडली नसती.

तिने फुटल्या नखांतली माती झटकली. मग म्हणाली, "कोंबड्याच्या गोष्टीला मी हसले होते ना?"

"हसलीस."

"खूप?"

"सगळ्यांत जास्त."

तिने माती परत लोटली, पोळी ठेवली, शिसं उचललं आणि चालायला लागली. मला तिथेच टाकून. मला आधाराशिवाय उठता येत नाही हे तिला ठाऊक आहे. मी बसून राहिले. मुंग्या पोळीला लागल्या, मग मला. ती झाडांपर्यंत गेली, थांबली, परत आली, माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं.

शिसं वितळवलं. दामिसने त्याची जाळ्याची वजनं केली आणि मिक्कोसला देऊन टाकली. माशांना काय बांधायचं ते बांधू दे.

मग आठ दिवस अबोला. मीठ हवं असलं तरी दामिसला मध्ये घालायची. "तुमच्या सासूबाईंना सांगा, मीठ संपलं." मी दोन हातांवर बसलेली! दामिस बिचारा माझ्याकडे वळून म्हणायचा, "सासूबाई, मीठ संपलं." पण रोज सकाळी माझ्या वाटीत भाकरीचे कडक काठ काढून मऊ भाग भिजत घातलेला असायचा. मला दात नाहीत हे तिच्या रागाला कोणीतरी सांगितलं असावं.

नवव्या दिवशी तिने ती मातीची पाटी घेतली. उजेडात नेली. रथ, घोडे, दाढी नसलेला तरुण नवरा, आणि त्याच्या हातात पोर, तिचा एक हात वर.

"हा हात वर का आहे?" तिने विचारलं. मला! दामिसला नाही!

"ओरडतेय बहुतेक."

"की हात हलवून निरोप घेतेय?"

"ज्याने केलंय त्याला विचार."

"त्याला विचारायला तिकडे जावं लागेल."

"मग जा," मी म्हटलं.

ती म्हणाली, "समुद्रावर मला उलट्या होतात." पण संध्याकाळी बघते तर पेटी उघडी आणि आत तिचं चांगलं वस्त्र.

कापणी संपली, बंदरावर

तुझी आई माझ्या पुढ्यात उभी आहे आणि विचारतेय काय लिहितेस. मी म्हणतेय, तुझी स्तुती. तिला वाचता येत नाही ही देवाची कृपा. हे पत्र तिच्याच हाती देतेय. सपाट.

आता नीट ऐक. पहिल्या दिवशी ती तुझ्या घरातल्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवेल. ठेवू दे. दुसऱ्या दिवशी चूल ताब्यात घेईल. निकासोला सांग, दोन दिवस चूल सोड, तिसऱ्या दिवशी दोघी मिळून तुलाच बोलायला लागतील. मग समज, जमलं. तुमच्या देवळात धाकट्या देवीच्या शेजारी नवरा बसलेला असतो, आई नसते म्हणे. तिला तिथे हळूच घेऊन जा. चिडेल. म्हणेल, इथे थोरलीला जागा का नाही? तू सांग, जागा आहे, ती बाहेरून येते आणि पाहुणी म्हणून उतरते.

सिमाखोसला ती पहिल्यांदा भेटेल तेव्हा हात धुवायला लाव. आणि पाटीवरच्या त्या वर केलेल्या हाताचं काय ते त्याच्याकडून काढून घ्यायला तिला सांगितलंय. त्याने उत्तर तयार ठेवावं, कुठलंही, पण एकच. कुंभाराला वाटलं म्हणून हात वर केला असं म्हणाला तर माझी लेक त्याला खाईल.

हे उन्हाचे चार महिने, शेत उघडं पडलेलं असतं, इथे तिला काम नाही. ती तुझ्याकडे राहील. पेरणीला परत. पुढच्या वर्षीही तसंच. आमचं ठरलंय. दामिसला विचारलं नाही, आता त्याची पाळी. तो म्हणाला, "मग माझ्या जेवणाचं काय?" मी म्हटलं, "जावईबापू, हरभरे भिजवायला येतात ना?"

शिडाच्या दोऱ्या सोडताहेत. आत्ताच क्लेइता म्हणाली, "म्हातारे, मी येईपर्यंत मरू नकोस."

"मला काय घाई," मी म्हटलं. "कापड अर्धं पडलंय."

"ते तू पाच वर्षं म्हणतेस."

"म्हणून तर."

तिने माझी ओढणी डोक्यावर नीट केली आणि जरा जास्तच जोरात ओढली. ती जातेय आणि मी मागे राहतेय. यात रडण्यासारखं काही नाही, लेकी जातातच. डोळ्यांत मिठाचा वारा जातोय, बस. तू गेलीस तेव्हा तिला काय झालं असेल ते आता कळतंय, पण ते तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

आता उत्तराचं. तू लिहायचं नाही. तुझी आई कोणाकडून लिहवून घेईल, तेही चालणार नाही. म्हातारीला बरं वाटावं म्हणून दोघी मिळून गोड गोड लिहाल, आणि पत्रात माणूस काय वाट्टेल ते लिहितं हे मला कोणी शिकवायला नको. बाळ झालं की सिमाखोसने ओल्या मातीचा गोळा थापायचा, बाळाचा पाय त्यावर दाबायचा, भट्टीत नीट भाजायचा आणि मिक्कोसच्या हाती माझ्याकडे पाठवायचा. पाच बोटं मी स्वतः मोजून घेईन, म्हणजे शापाने काही बांधलं नाही हे मला कळेल. तो पाय आला नाही तर खुशाल समजा की मला काही कळवलंच नाहीत. उत्तर त्या पोरानेच द्यायचं, नाहीतर त्या पोरीनेच. दुसऱ्या कोणाचं मी वाचणार नाही.